परत गेलेली प्लेट

गेल्या महिन्यात भाचीच्या वाढदिवसाला आम्ही सगळे होटगी रस्त्यावरच्या एका फॅमिली रेस्टॉरंटमध्ये जेवायला गेलो होतो. शेजारच्या टेबलावर तीन पिढ्यांचे एक कुटुंब बसले होते आणि त्यांच्यातल्या नातवानेही आमच्या भाचीप्रमाणेच व्हाइट सॉस पास्ता मागवला होता. दोन्ही प्लेट्स एकाच वेळी, एकाच वेटरच्या हातून आल्या. आजोबांनी नातवाच्या प्लेटमधली एक नळी काट्याने उचलून तोंडात टाकली, दोनदा चावली आणि वेटरला हाक मारली. "अहो, हे कच्चं राहिलंय की. आतून पीठ लागतंय." वेटरने काही विचारले नाही, काही सांगितलेही नाही, प्लेट उचलली आणि तो आत निघून गेला. बऱ्याच वेळाने ती प्लेट परत आली तेव्हा सॉस आटून घट्ट झाला होता, नळ्या फुगून एकमेकींना चिकटल्या होत्या आणि काटा लावताच त्यांचे तुकडे पडत होते. आजोबांनी पुन्हा एक घास घेतला आणि समाधानाने मान हलवली. त्या वेळी माझ्या तोंडात भाचीच्या प्लेटमधला घास होता. सोलापुरातल्या हॉटेलात मी आजवर जेवढा पास्ता खाल्ला, त्यात तो सर्वांत नीट शिजलेला होता. दात लागला की नळी आधी किंचित अडत होती आणि मग सुटत होती. सॉस तिच्या अंगावरच्या रेघांमध्ये धरून राहिला होता आणि गव्हाची गोडसर चव दुधालोण्याखाली दबून गेलेली नव्हती.

पुढे काही दिवसांनी आम्ही तिथे पुन्हा गेलो, तेव्हा भाचीची प्लेट आजोबांच्या दुसऱ्या प्लेटसारखी आली.

हे मला लागून राहिले. आजोबांचा मला राग आला नव्हता, कारण नातवाच्या पोटात कच्चे पीठ जाऊ नये याच काळजीने ते बोलले होते. वेटरचाही आला नाही. त्या स्वयंपाकघराने एका तक्रारीनंतर आपली पद्धत बदलली, की पहिल्या दिवशीचा पास्ताच योगायोगाने नीट उतरला होता, हे मला बाहेरून कळण्याजोगे नव्हते. पण वेटरने प्लेट उचलली तेव्हाचे त्याचे सरावलेपण डोळ्यांसमोरून हलत नव्हते. असे रोज होत असावे, आणि रोज त्याचे उत्तर एकच असावे, असे त्याच्या हालचालीतच दिसत होते. पाकिटावर मिनिटे छापलेली असतात, आचारी वर्षानुवर्षे भट्टीवर उभे असतात, बासमतीचा दाणा न् दाणा मोकळा ठेवणे त्यांना हातखंडा साधते, आणि तरीही त्याच हातांतून पास्ता मात्र बहुतेक वेळा लगदा होऊन का येतो? हा प्रश्न आपल्याच गावापुरता आहे असेही नाही. पुण्यामुंबईत, परदेशातल्या साध्या उपाहारगृहांत, अगदी इटलीतल्या पर्यटकांच्या गर्दीच्या ठिकाणीही लोकांची हीच कुरकुर असते.

आमच्या ओळखीचे एक आचारी सात रस्त्याच्या बाजूला एका हॉटेलात काम करतात. चायनीजच्या भट्टीवर त्यांची उमेदवारी झाली आणि मेनूकार्डात पास्ता आला तसा तोही त्यांच्याकडेच आला. त्यांना मी हे विचारले तेव्हा ते सहज म्हणाले, "ताई, पास्ता सकाळीच होतो." सकाळी अकराच्या सुमारास, गिऱ्हाईक यायच्या आधी, एका पातेल्यात दिवसभराचा पास्ता उकडला जातो. पातेले बेताचे असते, कारण मोठ्या पातेल्यात डाळ शिजत असते. पाणीही त्यामुळे बेताचेच. इटालियन रीत शंभर ग्रॅम पास्त्याला सुमारे एक लिटर पाणी घेण्याची आहे. इथे त्याच्या निम्मेही नसते, त्यामुळे पास्ता पडताच पाण्याची उकळी बसते, ती पुन्हा यायला वेळ लागतो आणि तोवर तळाशी नळ्या एकमेकींना धरून बसतात. मग त्या सोडवण्यासाठी झारा फिरवला जातो, कडा फाटतात, पाणी पांढरे होते. उकडून झाले की गार पाण्याची धार, त्यावर तेलाचा हात, स्टीलचा ट्रे आणि फ्रीज. संध्याकाळी ऑर्डर आली की त्यातला मूठभर पास्ता गरम पाण्यातून काढायचा किंवा सरळ सॉसमध्ये टाकायचा. मैदा-लोणी-दुधाचा सॉस आधीच घट्ट असतो, त्यात चीज पडते, मोठ्या आचेवर तीन-चार मिनिटे उकळी येते, आणि प्लेट बाहेर. पार्सल असेल तर बंद डब्यात आणखी अर्धा तास.

ही सगळी मिनिटे एका ओळीत मांडली की बरेचसे उत्तर मिळते. पाकिटावर अकरा मिनिटे लिहिलेली असतील, तर ती पातेल्यातून निघून थेट ताटात पडणाऱ्या पास्त्यासाठी असतात. सकाळीच ती पूर्ण वापरून टाकली, शिवाय कच्चा राहू नये म्हणून वर एक-दोन मिनिटे दिली, की संध्याकाळी जे काही होते ते सगळे जास्तीचे असते. पास्ता शिजतो तेव्हा त्याच्या आत दोन गोष्टी एकदम घडत असतात. पाणी बाहेरून आत शिरते आणि साठ-सत्तर अंश सेल्सिअसच्या आसपास पिठातले स्टार्चचे कण ते पाणी पिऊन फुगू लागतात. त्याच वेळी गव्हातल्या ग्लुटेन या चिवट प्रथिनाचे जाळे उष्णतेने आवळते आणि फुगलेल्या कणांना जागच्या जागी धरून ठेवते. पाणी गाभ्यापर्यंत पुरते पोहोचण्याच्या आत पास्ता बाहेर काढला, तर तो वरून मऊ राहतो आणि मध्यभागी दाताला थोडा विरोध करतो. अशी नळी अर्धी चावून उजेडात धरली की तिच्या भिंतीच्या मधोमध एक बारीक, फिकट रेघ दिसते. ती केसाएवढी असली तर पास्ता तयार आहे; जाड आणि पिठूळ असली तर खरोखर कच्चा आहे; आणि दिसलीच नाही तर वेळ निघून गेली आहे. त्यापुढे कण फुटतात, स्टार्च पाण्यात उतरतो, अंग बुळबुळीत होते आणि बाहेरच्या रेघा पुसल्या जातात.

पाण्यातून काढल्यावर हे सगळे थांबते असे आपण धरून चालतो, पण तसे होत नाही. बाहेरच्या ओल्या थरातले पाणी गाभ्याकडे सरकतच राहते. म्हणून सकाळी अगदी बरोबर निघालेला पास्ताही ट्रेमध्ये नुसता पडून राहिल्याने संध्याकाळपर्यंत आपला गाभा घालवून बसतो. फ्रीजमुळे ही गती मंदावते, थांबत नाही. तेलाचे तसेच. तेलाने नळ्या सुट्या राहतात, पण तोच तेलकट थर सॉसला अंगाला लागू देत नाही. सॉस खाली सांडतो, म्हणून आचारी तो आणखी आटवतो, आणि तो आटेपर्यंत पास्ता त्यातच शिजत राहतो. एका अडचणीवर केलेला उपाय दुसरी अडचण उभी करतो आणि शेवटी सगळ्या अडचणी नळीच्याच अंगावर येतात.

आधी उकडून ठेवणे हाच दोष आहे असे मात्र म्हणता येणार नाही. इटलीतल्या गर्दीच्या खानावळींतही पास्ता अर्धवट उकडून ठेवतात. फरक अर्धवटपणात आहे. अकरा मिनिटांचा पास्ता पाच-सहा मिनिटांतच काढायचा, मोठ्या ताटात एकेरी पसरायचा, झटपट गार करायचा आणि ऑर्डर आल्यावर उरलेली मिनिटे खळखळत्या पाण्यात आणि सॉसमध्ये पुरी करायची. यासाठी संध्याकाळी एक शेगडी फक्त उकळत्या पाण्याला द्यावी लागते. ज्या स्वयंपाकघरात चार शेगड्यांवर तंदूरच्या ग्रेव्ही, चायनीज, डाळ आणि भाजी यांची रांग लागलेली असते, तिथे कधीतरी येणाऱ्या पास्त्यासाठी एक शेगडी अडवून धरणे मालकाला परवडत नाही. शनिवार-रविवारच्या संध्याकाळी तर नाहीच. शिवाय कुटुंब जेवायला येते तेव्हा पनीर, रोटी, नूडल्स आणि मुलाचा पास्ता सगळे एकदमच टेबलावर यावे अशी अपेक्षा असते. पास्त्यासाठी बाकीचे ताट निवू द्यायला कोणी तयार नसते.

या सगळ्याहून मोठे कारण त्या आचाऱ्यांनी जाता जाता सांगितले. "कच्चं म्हणून प्लेट परत येते, ताई. जास्त शिजलंय म्हणून आजवर एकबी प्लेट परत आली नाही."

हे वाक्य माझ्या मनात घोळत राहिले आहे. हॉटेलातला माणूस पाककृती पुस्तकातून शिकत नाही, परत येणाऱ्या प्लेटमधून शिकतो. एका बाजूला तक्रार, मालकाची नजर, वाया गेलेला माल आणि पुन्हा करावे लागणारे काम. दुसऱ्या बाजूला लगदा झालेली पण मुकाट्याने संपवली जाणारी प्लेट. मग हात आपोआप कुणीकडे झुकेल हे सांगायला नको. दोन मिनिटे जास्त दिली की आचारी सुरक्षित राहतो. प्रत्येक आचारी ती दोन मिनिटे देतो, सकाळचा मुलगा आपली दोन देतो, भट्टीवरचा आपली दोन देतो, आणि कोणालाही वाटत नाही की आपण काही बिघडवले. आपण खाणारेही त्यात असतो. प्लेट समोर आली की मी स्वतः कधी म्हणाले नाही की हा फार शिजला आहे. चार माणसांत बसलेलो असतो, मुलाला भूक लागलेली असते, आणि मऊ अन्नाने कोणाचे काही बिघडत नाही अशी आपली समजूत असते.

ही समजूत आली कुठून, याचे मला नवल वाटते, कारण सोलापूरकरांच्या जिभेला मऊपणाचे वेड कधीच नव्हते. कडक भाकरी मोडताना होणारा आवाज ज्यांना प्रिय आहे, शेंगाचटणी उखळात जाडसर कुटलेलीच हवी असते, हुरड्याचा दाणा कोवळा पण भरलेला आहे की नाही हे जे चिमटीत धरून ओळखतात, त्या लोकांना दाताखाली काय लागते याची पारख नसेल असे कसे म्हणावे? आणि गव्हाच्या पिठाचे वाळवलेले, उकडून खायचे पदार्थ तर आपल्याकडे पिढ्यान्पिढ्या आहेत. माझे आजोळ अक्कलकोट तालुक्यातले. चैत्र संपत आला की आजीच्या घरी शेवयांची गडबड सुरू होई. बन्सी किंवा खपली गहू ओलवून, फडक्यात बांधून, दळून आणून तो चाळणीने आणि मग वस्त्राने गाळला जाई. रवा, सपीट आणि कोंडा वेगळे होत. रवा आणि सपीट एकत्र घट्ट भिजवून त्याला इतके कुटायचे की पीठ हाताला ओढ देऊ लागे. बाजेच्या लाकडाला शेवयांचे यंत्र आवळलेले असे, एक जण दांडा फिरवी, दुसरी वरून गोळे दाबी, आणि खालून उतरणारे धागे आम्ही मुली अलगद काठीवर घेऊन सावलीत वाळत घालत असू. त्या वाळणाऱ्या शेवयांचा वास मला अजून आठवतो, ओल्या गव्हाचा आणि तापलेल्या माळवदाचा मिळून एक. लग्नघर असेल तर बायका एका बाजूला बसून नखुले, गव्हले, बोटवे वळत; नखाएवढ्या त्या आकारांना एकसारखेपणा यावा यासाठी जी चढाओढ चाले, ती बघण्यासारखी असे.

त्या शेवया शिजवण्याची आजीची रीत ठरलेली होती. पंगत बसल्याशिवाय शेवया पाण्यात पडत नसत. पाने मांडली, गुळवणी वाट्यांत वाढली, तुपाचे भांडे फिरायला लागले की मग ती चुलीपाशी जाई. पाणी खळखळून उकळत असले पाहिजे, त्याखेरीज ती शेवया सोडत नसे, आणि सोडल्यावर कोणी हाक मारली तरी जागची उठत नसे. थोड्या वेळाने उलथन्याच्या टोकावर एक शेवई उचलून, फुंकर घालून ती दातांत धरी. एवढेच. मग पातेले उचलून शेवया चाळणीत वेळायच्या आणि वाफ निघत असतानाच पानात. त्या मऊ असत, पण त्यांचा धागा तुटत नसे. गुळवणी ओतल्यावरही प्रत्येक शेवई वेगळी दिसे. कधी कोणाकडे शेवयांचा गिचका झाला तर ती गोष्ट पुढच्या उन्हाळ्यापर्यंत नात्यात सांगितली जाई. शितावरून भाताची परीक्षा करणाऱ्या घरांत ही नजर सगळ्यांकडेच होती. आजी काही वेगळी नव्हती.

हॉटेलात हेच हरवलेले आहे. पास्ता उकडणारा आणि वाढणारा यांच्यामध्ये अख्खा दिवस असतो. सकाळी जो मुलगा पातेल्यापाशी उभा असतो, त्याला संध्याकाळची प्लेट दिसत नाही; भट्टीवरच्या माणसाला सकाळचे पाणी दिसलेले नसते; वेटरने तर तो पास्ता कधी खाल्लेलाही नसतो. नळी दाताखाली धरून पाहणारा त्या साखळीत कोणीच नाही. चावून पाहणारा पहिला माणूस असतो गिऱ्हाईक, आणि तोवर करण्यासारखे काही उरलेले नसते. आजीच्या घरी माणसे शेवयांची वाट पाहत होती, हॉटेलात पास्ता माणसांची वाट पाहत बसतो. ज्या पदार्थाला वाट पाहणे सोसत नाही, त्याच्यावर आपण दिवसभराचे थांबणे लादले आहे.

इटलीतल्या नेपल्स शहरात एकोणिसाव्या शतकात पास्ता रस्त्यावर विकला जात असे. चुलीवर मोठ्या कढया चढवलेल्या असत, विक्रेता आतून वाफाळता पास्ता उपसून वर किसलेले चीज भुरभुरी आणि लोक तो उभ्याउभ्या, हातानेच, मान मागे टाकून खात. कढई आणि तोंड यांत दोन हातांचे अंतर होते, म्हणून तो घट्टच राहत असणार. याच्या बऱ्याच आधी, पंधराव्या शतकात, इटलीतल्याच मार्तिनो नावाच्या नामवंत आचाऱ्याने वाळवलेला सिसिलियन पास्ता दोन तास उकळायला सांगितले होते, हेही लक्षात ठेवले पाहिजे. म्हणजे घट्ट पास्ता हा इटालियन रक्तातच आहे असे काही नाही. ती आवड हळूहळू घडली आणि नेपल्ससारख्या ठिकाणी, जिथे लोक तो रोज, ताजा आणि स्वस्तात खात होते, तिथून पसरली. मला हे फार धीर देणारे वाटते. आवड घडते. आपल्याकडेही घडू शकेल.

पण त्यासाठी गहूही तसा लागतो, आणि इथे आचाऱ्याच्या हातात फार काही राहत नाही. पास्त्यासाठी ड्युरम जातीचा, कडक दाण्याचा, पिवळसर गहू लागतो. त्यात प्रथिने भरपूर असतात आणि त्याचा रवा शिजताना आपला आकार धरून ठेवतो. इटलीत १९६७ साली कायदाच झाला की वाळवून विकला जाणारा पास्ता ड्युरमच्याच रव्याचा असला पाहिजे. आपल्याकडे हॉटेलांना पुरवल्या जाणाऱ्या स्वस्त पाकिटांत पुष्कळदा साध्या गव्हाचा रवा किंवा मैदा मिसळलेला असतो. अशा पास्त्यात कच्चा आणि लगदा यांच्यामधली जागा फार अरुंद असते; आचारी पातेल्याकडे पाठ करून कांदा चिरायला वळला की ती निसटते. वाईट याचे वाटते की ड्युरम आपल्याला परका नाही. आजीकडचा बन्सी गहू ड्युरमच होता. महाराष्ट्राच्या कोरडवाहू काळ्या जमिनीत, रब्बीच्या थंडीवर आणि जमिनीतल्या ओलीवर तो पिढ्यान्पिढ्या पिकत आला. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने एमएसीएस ४०२८ नावाचे ड्युरमचे वाण कोरडवाहू शेतीसाठीच तयार केले आहे आणि त्यात सुमारे १४.७ टक्के प्रथिने आहेत. अशा गव्हाच्या रव्याचा पास्ता सोलापूरच्या हॉटेलात शिजावा ही काही अवास्तव इच्छा नाही.

लग्नकार्यात जे लाइव्ह पास्ता काउंटर लागतात, त्यांनी माझी आशा एके काळी वाढवली होती. विजापूर रस्त्यावरच्या एका मंगल कार्यालयात मी मुद्दाम तिथे रांगेत उभी राहिले. पांढरी टोपी घातलेला तरुण मोठ्या कौशल्याने पॅन उडवत होता, ढोबळी मिरची आणि मका हवेत जाऊन परत येत होते, ज्वाळा वर उठत होत्या. पास्ता मात्र त्याच्या पायाशी ठेवलेल्या स्टीलच्या डब्यात, पाण्यात, दुपारपासून पडलेला होता. बोटाएवढ्या नळ्या अंगठ्याएवढ्या झालेल्या. तो झाऱ्याने उपसला की निम्म्या नळ्या उभ्या चिरलेल्या निघत. मुलगा मेहनती होता, मसाल्याचा हातही चांगला होता, आणि रांगेतल्या प्रत्येकाला हसून विचारत होता, "रेड की व्हाइट?" मला त्याच्याबद्दल आणि त्या पास्त्याबद्दल एकाच वेळी हळहळ वाटली. त्याच्याकडे आग होती, माणसे समोर उभी होती, वाट पाहायला तयार होती. एक मोठे उकळत्या पाण्याचे पातेले आणि जाळीची टोपली एवढेच दिले असते, तर नेपल्सच्या त्या रस्त्यावरचे सुख विजापूर रस्त्यावर उतरले असते.

एवढे सगळे लिहीत असताना मला माझे वडीलही आठवतात. शेवटच्या वर्षांत त्यांचे दात गेले होते आणि त्यांना भात आसट लागे, भाकरी दुधात कुस्करून लागे. ते आमच्याबरोबर हॉटेलात येत तेव्हा मुलांच्या प्लेटमधला मऊ पास्ता हा त्यांना सहज खाता येणारा एकच पदार्थ असे आणि तो ते आवडीने खात. त्यांच्यासाठी तो तसाच यायला हवा होता. म्हणून मऊ पास्ता मागणाऱ्याला नाही म्हणावे असे मला वाटत नाही. ज्याला हवा त्याला दोन मिनिटे जास्त द्यावीत. माझी तक्रार एवढीच आहे की आज ती दोन मिनिटे सगळ्यांनाच, न विचारता मिळतात, आणि माझ्या भाचीच्या वयाची मुले पास्ता म्हणजे हाच असे समजून मोठी होत आहेत. ज्याने नीट शिजलेला कधी चाखलाच नाही, त्याला तो एके दिवशी मिळाला तर कच्चाच वाटणार, आणि तो प्लेट परतच पाठवणार. आचाऱ्याची भीती आणि गिऱ्हाइकाची सवय अशी एकमेकींना पोसत राहते.

मध्यंतरी एका दुपारी, गिऱ्हाईक नसताना, त्या आचाऱ्यांनी माझ्यासमोर पास्ता उकडला. पाकीट मी नेले होते, ड्युरमच्या रव्याचे. मोठे पातेले, भरपूर पाणी, मीठ. सातव्या मिनिटापासून दर मिनिटाला एक-एक नळी बशीत काढून आम्ही दोघे चावून पाहत होतो. इतकी वर्षे पास्ता करूनही नुसती नळी, सॉसशिवाय, त्यांनी कधी खाल्ली नव्हती. रात्री काम संपले की ते आमटी-भाकरी खातात. सातव्या मिनिटाची त्यांनी लगेच बाजूला ठेवली. नवव्याची चावताना थांबले, अर्धी उरलेली नळी ट्यूबलाइटखाली धरली आणि तिच्यातली रेघ मला दाखवली. दहाव्याची पूर्ण खाल्ली आणि आणखी एक घेतली. "गव्हाची चव येते ओ याला," ते म्हणाले. मग तोंडात घास असतानाच हिशेब सुरू केला: सकाळी सहाव्या मिनिटाला काढायचा, ट्रेमध्ये पातळ पसरायचा, तेल अगदी नावाला, रात्री पाण्यातून दोन मिनिटे आणि सॉसमध्ये एक. कोणी कच्चा म्हणाले तर त्याची प्लेट पुन्हा भट्टीवर घेता येईल, त्यात नुकसान काही नाही.

गेल्या आठवड्यापासून त्यांनी तसे सुरू केले आहे. रविवारी एक-दोन प्लेट्स परत आल्या, त्यांनी त्या आणखी शिजवून दिल्या. बाकीच्या टेबलांवरून काही निरोप आला नाही. अडचण पाकिटाची आहे. हॉटेलात येणारा स्वस्त पास्ता सहाव्या मिनिटाला काढला तर मध्ये पिठूळ राहतो आणि आठव्याला काढला तर रात्री फाटतो, त्यामुळे त्यांना सातव्या मिनिटाला पातेल्याशी स्वतः उभे राहावे लागते आणि तेवढा वेळ डाळीकडे बघायला माणूस नसतो. ड्युरमचे पाकीट घ्यावे म्हणून त्यांनी मालकांना सांगितले आहे. किलोमागे किती जास्त पडतात आणि एका किलोत किती प्लेट्स निघतात याचा कागद त्यांनी गल्ल्यावर ठेवला आहे, पण मालकांनी अजून होकार दिलेला नाही.